आडव्याचं उभं करणारा पाळणा

मित्रांनो, माझं नाव पाळणा. पण माझ्यात आजवर एकही बाळ झोपलेलं नाही. झोपलं असतं तर त्याच्या आईने आकाशपाताळ एक केलं असतं, कारण मी चार क्विंटल लोखंडाचा आहे आणि क्रेनच्या आकड्याला साखळ्यांनी लटकतो. माझ्यात झोपतात ते खांब, पाण्याच्या लोखंडी टाक्या, दगडी कमानींचे पाय. ही मंडळी गाडीतून येतात आडवी आणि त्यांना आयुष्य काढायचं असतं उभ्याने. त्यांना न धडपडता, न खरचटता उभं करायचं हे माझं काम. जगातले बाकीचे पाळणे झोपवतात, मी तेवढा उठवतो.

माझा जन्म ओतूरचा. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत धम्मपाल मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शटर असली कामं तिथे चालत. एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या थंडीत मिस्त्रींनी मला घडवलं. गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून नव्हे. एका मित्राचं रडणं बघवलं नाही म्हणून.

तो मित्र म्हणजे कुंडलिक. त्याच्याकडे जुनी विकत घेतलेली पिवळी क्रेन होती. कुंडलिक वर बसून दांडे ओढायचा आणि त्याचा जिवलग सोपान खाली उभा राहून हाताने खुणा करायचा. अंगठा वर म्हणजे उचल, अंगठा खाली म्हणजे उतरव, मूठ म्हणजे थांब. दोघांची जोडी अशी की एकाला ठेच लागली तर दुसऱ्याने ‘आई गं’ म्हणावं.

माझ्या जन्माआधीच्या वर्षी बेल्ह्याला एका गोदामाचा लोखंडी खांब ते उभा करत होते. आता जड वस्तूचा एक स्वभाव तुम्हाला सांगतो. आडवी असते तोवर ती गरीब गाय. पुरती उभी राहिली की पुन्हा गरीब गाय. पण मधल्या वाटेत एक क्षण असा येतो की तिचा सगळा भार या अंगाचा त्या अंगाला जातो. त्या क्षणी तिला सावरायला काही नसेल तर ती असा हिसका देते की साखळी किंचाळते. बेल्ह्याला तेच झालं. खांब फिरला आणि सोपानचा डावा पाय मोडला. सहा महिने तो खाटेवर होता. उठला तो लंगडतच.

सोपान हसतमुख माणूस. तो म्हणायचा, “एक पाय आखूड झाला तर काय बिघडलं? शेताच्या बांधावरून चालाया बरं पडतं.” पण कुंडलिकाच्या मनातून ते जाईना. तो क्रेन चालवत राहिला, मात्र एक शपथ घेऊन. “आडवं आडवंच उचलीन, उभं उभंच उचलीन,” तो म्हणे, “पर आडव्याचं उभं माझ्या हातून व्हणार न्हाई.”

एकदा मिस्त्रींच्या ओट्यावर बसून तो लहान पोरासारखा रडला. मिस्त्रींना बोलून धीर देणं कधी जमलं नाही. त्यांचा धीर हाताने घडायचा. तेवढ्यात आत त्यांची आई, द्रौपदाबाई, मोठ्या रांजणातलं तळचं पाणी काढत होती. म्हातारी काठीसारखी बारीक, रांजण तिच्या दुप्पट जड. पण खाली चुंबळ होती आणि रांजणाचं बूड गोल होतं. तिने काठाला नुसता हात लावला आणि रांजण आपसूक कलला, हवा तिथे थांबला, पुन्हा सरळ झाला. हिसका नाही, धसका नाही.

मिस्त्री बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी लोखंड आलं.

माझी एक बाजू लांब आहे, वस्तूने पाठ टेकायला. दुसरी आखूड, तिने पाय टेकायला. दोन्ही जिथे जुळतात तिथे खालून मला गोल पोट आहे, रांजणाच्या बुडासारखं. वस्तू माझ्यावर आडवी ठेवायची, पट्ट्यांनी बांधायची आणि माझं डोक्याकडचं टोक क्रेनने हळूहळू उचलायचं. मी माझ्या पोटावर लोळत लोळत उभा होतो आणि माझ्याबरोबर ती वस्तूही. तो मधला वाईट क्षण येतो, पण तो माझ्या पोटात विरघळतो. फुशारकी मारत नाही, पण आहे ते सांगितलंच पाहिजे.

रंग वाळल्यावर मिस्त्रींनी मला चार साखळ्यांनी टांगून बघितलं. मी झुललो. गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, “अगं बया, हा तर पाळणाच की!” झालं, बारसं उरकलं.

द्रौपदाबाई मात्र धावत बाहेर आली. “धम्मा, थांबिव आधी! रिकामा पाळणा हलवू नये. लेकराचं पोट दुखतं.”

“कुणाच्या लेकराचं, आई? हे लोखंड हाय. आन् आपण असलं काय मानत न्हाई.”

“मी तरी कुठं मानते? मी आपली सांगते.” आणि न मानणारी ती बाई घरात जाऊन जुना, झिजलेला वरवंटा घेऊन आली. तो एका फडक्यात गुंडाळून तिने माझ्या पाठीवर ठेवला. “बारशाला बी आधी वरवंटाच झोपवत्यात. हा आता हितंच ऱ्हाऊ दे. पाळणा रिकामा हालता कामा नये.”

तेव्हापासून रीतच पडली. मला टेंपोत घालायचं, रिकामं उचलायचं, की आधी वरवंटा माझ्या पाठीवर आला पाहिजे. आणि खरी वस्तू ठेवण्याआधी तो काढला पाहिजे. हे काढायचं काम सोपानने स्वतःकडे घेतलं. खुणा करणारा माणूस तो. ज्या कामावर मी, त्या कामावर तो, मग क्रेन कुणाचीही असो. तो वरवंट्याला कडेवर घेऊन म्हणायचा, “चला बाळराजे, कामाचं माणूस आलं.” लोक हसायचे. मलाही ते आवडायचं.

माझे दिवस मजेत चालले होते. नारायणगावला मी शीतगृहाच्या टाक्या उभ्या केल्या. ओतूरच्या एका कॉलेजच्या फाटकाचे दगडी खांब उभे केले. बेल्ह्याच्या बाजारात जनावरांच्या पाण्याची टाकी उभी केली, तेव्हा बैल विकायला आलेले शेतकरी सौदे सोडून माझ्याभोवती जमले. “राव, कसला कलतोय बघ, मापात!” एक पावणा म्हणाला. माझ्या अंगावर कुणी हार घातला नाही, पण दोघांनी मिस्त्रींना पेढा दिला. मिस्त्री पेढा खाताना माझ्याकडे बघून हसले.

फक्त एक सल होता. ज्याच्यासाठी माझा जन्म झाला तो कुंडलिक मला हात लावेना. माझं काम असलं की दुसऱ्या गावची क्रेन यायची. कुंडलिक दुकानात यायचा, चहा प्यायचा, माझ्याकडे पाठ करून बसायचा. मिस्त्रींनीही कधी ‘हे तुझ्यासाठी केलंय’ असं तोंडातून काढलं नाही. अशी आठ वर्षं गेली.

मग दोन हजार दोन सालची बुद्धपौर्णिमा आली.

महाळुंगे पडवळ हे मिस्त्रींचं गाव. तिथल्या विहारासाठी लोकांनी बुद्धाची उभी मूर्ती घडवून घेतली होती. काळा दगड, सात फूट उंची, अडीच टन वजन. पौर्णिमेच्या सकाळी ट्रक गावात शिरला. त्यात पेंढ्याच्या जाड थरावर मूर्ती उताणी निजलेली. मला टेंपोतून आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं आणि माझ्या पाठीवर नेहमीप्रमाणे फडक्यातला वरवंटा होता. गावात पताका लागल्या होत्या. बायका पांढरी पातळं नेसून आल्या होत्या. मराठ्यांच्या आळीतून सरूबाई खिरीसाठी दुधाची किटली घेऊन आली होती. पोरं तर सकाळपासून ट्रकला चिकटली होती.

क्रेन चाकणहून यायची होती. ती आलीच नाही. नऊ वाजता फोन आला, खेडच्या घाटात बंद पडली. कधी निघेल ते सांगता येत नाही.

सोपान माझ्याबरोबरच आला होता, कुंडलिक मात्र त्या दिवशी मंचरला पोल्ट्रीच्या कामावर होता. मिस्त्री मोटारसायकल घेऊन सुटले आणि तासाभरात पिवळी क्रेन गावात आली. कुंडलिक खाली उतरला. आधी मूर्तीला हात जोडले, मग मिस्त्रींना म्हणाला, “ट्रकमधनं आडवी उतरून देतो. फुडचं चाकणवाल्यावर सोडा.”

द्रौपदाबाई तेवढी पुढे आली. आता ती पंच्याहत्तरीची होती.

“कुंडलिका, हा पाळणा कुणासाठी केला म्हाईत हाय का तुला?”

“कामासाठी केला आसंल, मावशी.”

“तू आमच्या वट्यावर बसून रडलास, त्या दिशी माझा धम्मा रातभर जागा व्हता. दुसऱ्या दिशी लोखंड आणलं. म्हणला, आई, कुंडलिकाचा हात धरील आसं कायतरी करायचंय. आठ वर्सं झाली. तो बोलंना आन् तू बघंना. दोघं बी दगडच!”

कुंडलिकाने मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री चपलेच्या अंगठ्याशी काहीतरी शोधत होते. मग तो पहिल्यांदा माझ्याजवळ आला. त्याने माझ्या कडेवरून हात फिरवला, जोडावर बोट ठेवलं, पोटाखाली वाकून बघितलं. मित्रांनो, लोखंडाला ऊर नसतो म्हणतात. मग त्या दिवशी माझा भरून काय आला?

“मोडलं तर, मावशी?”

“मोडलं तर मी रडीन. पर तू न्हाई म्हणलास तरी मी रडणारच हाय.”

कुंडलिक हसला. लगेच गंभीर झाला. “ठीक. पर आईक, धम्मपाल. ह्या खेपेला काय वाकडं झालं, तर उद्याच्याला क्रेन विकून टाकणार. पुन्ना दांड्याला हात लावायचा न्हाई.” आणि तो वर चढून बसला.

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. दगडाला ओरखडा पडायला नको म्हणून गावच्या बायकांनी गोधड्या आणल्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या सहा. प्रत्येकीला आपली गोधडी खाली हवी. धांदल उडाली, हसणं-खिदळणं सुरू झालं आणि बघता बघता सहाही गोधड्या माझ्या पाठीवर पसरून झाल्या. सोपान तेव्हा ट्रकवर पट्टे बांधत होता. तो खाली आला तेव्हा गोधड्यांचा छान मऊ बिछाना तयार होता. बाळराजे मात्र सहा गोधड्यांखाली गाढ झोपलेले!

मला सगळं ठाऊक होतं. पण मला जीभ नाही. मिस्त्रींनी सगळं दिलं, तेवढं द्यायचं राहिलं.

मूर्ती आडवी उतरली. कुंडलिकाने ती माझ्यावर इतकी अलगद ठेवली की गोधडीला सुरकुती पडली नाही. पट्टे बांधले. पट्टे सोपानने स्वतः ओढून बघितले. सगळ्यांना दहा पावलं मागे हटवलं, खडूने रेघ मारली आणि तो समोर, जिथून कुंडलिकाला नीट दिसेल तिथे उभा राहिला. त्याने अंगठा वर केला.

मी उठू लागलो. एक वीत, एक हात, कमरेएवढा. माझं पोट जमिनीवर लोळू लागलं. आणि त्याच वेळी वरचा भार सरकून पायांकडे येऊ लागला. मूर्तीच्या उजव्या खांद्याखाली वरवंटा होता. त्याच्यावर टेकून अडीच टनांचा दगड माझ्या पाठीवर हलला. फार नाही. सुपारीएवढा. पट्ट्याआडून ते कुणालाच दिसलं नाही. सोपानचा अंगठा वरच होता. लोक आनंदाने ओरडत होते, “आली! आली!”

पण क्रेनचा दोर थरथरला, आणि दोराचं थरथरणं दांड्यात उतरतं. क्रेन जागच्या जागी थांबली.

सोपानने पुन्हा अंगठा वर केला. “चल की! मस्त चाललंय!”

कुंडलिक हलला नाही. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “हात लटपटला जणू त्याचा.” दुसरा म्हणाला, “म्हणून म्हणलं व्हतं, चाकणवाल्याची वाट बघू.” फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून ओरडला, “भाऊ, घ्या वर, ऊन बरोब्बर हाय!”

“खाली घेतो,” कुंडलिक म्हणाला.

“आरं, निम्मी उठलीया!”

“खाली घेतो म्हणलं ना. कायतरी हाललंय.”

आणि त्याने मला खाली घेतलं. वर नेण्यापेक्षा सावकाश. त्या दोन मिनिटांत विहारापुढे फक्त पताकांचा आवाज येत होता. मी जमिनीला टेकलो. मग पट्टे सोडून मूर्ती हातभर आडवीच उचलली. तिच्याखाली कुणी हात घालायचा नाही हा त्यांचा नियम. सोपानने लांब काठी घेऊन एकेक गोधडी उपसली. पहिली, दुसरी, तिसरी. सहावीबरोबर फडक्यातला वरवंटा घरंगळत आला आणि त्याच्या पायाशी थांबला.

मग द्रौपदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बाळ खालीच राह्यलं व्हय रं!”

सगळा गाव हसत सुटला. फोटोवाला हसला, ट्रकवाला हसला, सरूबाईच्या किटलीतलं दूध हिंदकळलं. ‘हात लटपटला’ म्हणणाऱ्याने टोपी काढून डोकं खाजवलं. गोधड्यांवरून बायका एकमेकींना दोष देऊ लागल्या आणि त्याही हसू लागल्या.

एकटा सोपान हसत नव्हता. तो वरवंटा हातात घेऊन लंगडत क्रेनपाशी गेला.

“कुंडलिका, हा काढायचं काम माझं व्हतं. आज चूक माझी.” “आन् बेल्ह्याला बी माझीच व्हती. तू त्या दिशी म्हणला व्हतास, थांबू का रं. मीच घाईनं अंगठा वर केला. जेवायची येळ झालती. कधी बोललो न्हाई तुला. तू सोताला खात बसलास आन् मी गंमती करीत ऱ्हायलो.”

कुंडलिक वरूनच म्हणाला, “म्हाईत हाय मला.”

“म्हाईत हाय? मग नऊ वर्सं काय कपाळ फोडत बसलास?”

“अंगठा तुझा व्हता रं, पर दांडा माझ्या हातात व्हता. मला शंका आलती, तरी ओढला. म्हणून.” त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. “आज न्हाई ओढला.”

सोपानने डोळे पुसले. मग त्याने आठ वर्षांत पहिल्यांदाच वरवंटा द्रौपदाबाईच्या ओटीत ठेवला आणि म्हणाला, “मावशी, मूर्ती उभी व्हईपत्तुर हा तुमच्यापाशी. सोडायचा न्हाई.”

गोधड्या पुन्हा पसरल्या; या वेळी तीनच. पट्टे आवळले. सोपान रेघेपलीकडे गेला, अंगठा वर झाला. मी उठलो. एक वीत, एक हात, कमरेएवढा. तो मधला क्षण आला. सगळा भार माझ्या पोटावर आला, तिथून पलीकडे सरकला आणि काहीही झालं नाही. मित्रांनो, ‘काहीही झालं नाही’ हे ऐकायला किती साधं आहे! त्याच्यासाठीच तर माझा जन्म आहे. मी सरळ उभा राहिलो आणि माझ्याबरोबर मूर्तीही.

लोक “साधु, साधु, साधु” म्हणाले. द्रौपदाबाई ओटीत वरवंटा धरून पुढे आली. सकाळपासून मूर्ती निजलेली, त्यामुळे सगळे तिच्याकडे वरून वाकून बघत होते. आता म्हातारीने मान वर केली. “आत्ता बघतोय आमच्याकडं,” ती म्हणाली, आणि सांगितल्याप्रमाणे रडली. पण तो रडण्याचा दुसरा प्रकार होता.

मूर्ती चबुतऱ्यावर गेली, खीर वाटून झाली. कुंडलिकाने तीन वाट्या खाल्ल्या. मग हात धुऊन माझ्या कडेवर बसला आणि गावकऱ्यांना म्हणाला, “आणखी काय आडवं पडलंय का गावात? आणा. उभं करून देतो.”

त्यानंतर माझे सर्वांत सुखाचे दिवस आले. पिवळी क्रेन, सोपानच्या खुणा आणि मी. जुन्नर-आंबेगावात आम्ही काय काय उभं केलं ते सांगत बसलो तर तुमची शाळा बुडेल. दोन हजार सहा साली एका दूधडेअरीची टाकी उभी करताना कुंडलिकाने तीनदा क्रेन थांबवली, तीनदा खाली घेतलं, तीनदा उतरून बघितलं. काहीच सापडलं नाही. डेअरीचा मालक वैतागला. सोपान म्हणाला, “काय नव्हतंच रं!” कुंडलिक म्हणाला, “तेच बघायचं व्हतं.”

आता दोन हजार नऊ साल चालू आहे. लांब हाताच्या नव्या क्रेन आल्या आहेत आणि मला पूर्वीइतकी बोलावणी येत नाहीत. मधल्या दीड वर्षात मी दुकानामागे पडून होतो. माझ्या पोटाखाली मांजर व्याली. तिची चार पिल्लं माझ्या सावलीत वाढली, तेव्हा म्हटलं, चला, अखेर बाळं मिळाली. पण साखळ्या अडकवायच्या माझ्या पिनांवर गंज चढला आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही. परवा कुंडलिक आला, पिन फिरवून बघितली आणि मिस्त्रींना एक सणसणीत शिवी दिली. ती मी इथे सांगत नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्याही हातात कसला ना कसला दांडा येईल. समोरून लोक अंगठे वर करतील, ओरडतील, घड्याळ दाखवतील. तुम्हाला काही हललंसं वाटलं तर लाजू नका, खाली घ्या. खाली घेतलेलं पुन्हा उचलता येतं. आणि दुसरा कुणी असा थांबला तर त्याला भित्रा म्हणू नका. दहा पावलं मागे उभे राहा आणि वाट बघा. माझ्यासारख्या जुन्या अवजारांवर रंगाचे हात नका मारू, त्याखाली गंज लपतो. पिना काढून बघा, झिजलेल्या असतील तर बदला, आणि ग्रीस लावा. परवा कुंडलिकाने लावलं ते अजून ओलं आहे, कारण उद्या सकाळी सात वाजता आम्हाला काम आहे.